लार्झाकचं पाणी, लार्झाकच्या मेंढ्या

दक्षिण फ्रान्समधलं लार्झाकचं हे पठार. नजर पोचेल तिथवर चुनखडीचा दगड. पाऊस पडतो, पण पाणी वर ठरत नाही. भेगांतून थेट खाली जातं.

समोरचा कोट ला कुव्हर्त्वाराद गावाचा. आतला किल्ला बाराव्या शतकातला, टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती संन्याशांचा. 1312 साली त्यांचा पंथ बरखास्त झाला, जहागीर हॉस्पिटलर या तशाच लढवय्या पंथाकडे गेली, आणि पंधराव्या शतकात त्यांनी ही तटबंदी उभारली. पर्यटक बुरुजांचे फोटो काढतात. पण ही जहागीर चालली ती मेंढरांवर: लोकर, कातडं, चीज. म्हणून आपण आधी तटाबाहेर जाऊ.

हे गोल तळं बघा. याला इथे लावोन्य म्हणतात. जमिनीत मुळातच असलेला खोलगट भाग धरायचा, तळाशी चिकणमातीचा थर द्यायचा, म्हणजे पाणी मुरत नाही. पण कळप आत उतरला की खुरांनी थर फुटणार. त्यासाठी वरून ही दगडी फरसबंदी. तिचा उतार बघा. पाणी कितीही खाली गेलं तरी मेंढीचं तोंड तिथवर पोचतं. हे ज्यांनी घडवलं, त्यांची नावं कुठल्याही बुरुजावर कोरलेली नाहीत.

गावातही पाण्याचाच हिशोब. छपरावरचं पाणी टाक्यांत साठवायचं. लाकूड दुर्मीळ, म्हणून घरांना दगडी कमानी आणि छपरावर दगडाच्याच चिपा. तळमजला मेंढ्यांचा; बाहेरच्या या जिन्यानं वर गेलं की माणसांचं घर. दारावर ठोकलेलं हे काटेरी फूल म्हणजे कार्दाबेल. हवा दमट झाली की ते मिटतं.

या लाकोन जातीच्या मेंढ्या. पठारावरचं त्यांचं कच्चं दूध रोकफोरच्या गुहांत मुरणाऱ्या चीजसाठी जातं. 2011 मध्ये युनेस्कोनं, हे पठार ज्यात येतं त्या कॉस आणि सेव्हेन प्रदेशाला जागतिक वारसा मानलं, तेही इथल्या मेंढपाळीनं घडवलेल्या भूमीसाठी.

ही भूमी हातची जाणार होती. पठारावरच्या ला काव्हालरी गावचा लष्करी तळ 3 हजारांवरून 17 हजार हेक्टर करायचं सरकारनं 1971 मध्ये जाहीर केलं. 1972 मध्ये लांझा देल व्हास्तो यांनी इथे पंधरा दिवस उपोषण केलं. वर्ध्याला गांधीजींच्या सहवासात राहून आलेले, गांधीजींनी ज्यांना शांतिदास हे नाव दिलं, तेच हे. त्याच वर्षी 103 शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली आणि मेंढ्या थेट आयफेल टॉवरखाली नेल्या.

1981 मध्ये मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले, योजना रद्द झाली. सरकारनं तोवर विकत घेतलेली जमीन 1985 मध्ये शेतकऱ्यांच्या सामाईक संस्थेकडे दीर्घ भाडेपट्ट्यानं आली. ती कुणाला विकता येत नाही. एक शेतकरी निवृत्त झाला की ती पुढच्या कसणाऱ्याला मिळते.