आपली टाकी, माझं पार्किंग

नमस्कार, श्रोतेहो. फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर माणूस जे लिहितो, त्यावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो का? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१३ सालचा अभ्यास आहे. ७५,००० लोकांनी आपणहून आपल्या फेसबुक पोस्ट दिल्या, स्वभावाची चाचणीही सोडवली. मग दोन्ही ताडून पाहिलं. माणसांत रमणाऱ्यांकडे ‘पार्टी’ जास्त, आपल्यातच राहणाऱ्यांकडे ‘कॉम्प्युटर’, ‘इंटरनेट’. आकडा ऐकलात ना? ७५,००० माणसं. एक मेसेज नव्हे.

आता आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा ग्रुप. तिसऱ्या मजल्यावरचे काका लिहिणार, “पंप चालू राहिला आहे. टाकी वाहते आहे. कोण बंद करणार?” ना नमस्कार, ना चमत्कार. सगळे म्हणतात, खडूस! उलट पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ रोज पहाटे गुलाब पाठवतात. या गुलाबांवर सरकारने कर लावावा असं माझं फार जुनं मत आहे, पण ते असो.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. गणपतीत आली, ती माझा फोन घेऊन वर्षभराचे मेसेज चाळत बसली. शेजारी वही, वहीत रेघोट्या. म्हणाली, “मावशी, तुमचे खडूस काका कायम ‘आपली टाकी’, ‘आपला जिना’, ‘आपण भरू’. आणि गुलाबवाले? ‘माझी गाडी’, ‘माझं पार्किंग’, ‘मी तेव्हाच बोललो होतो’!”

मी खूश! चप्पल पायात घालून शेजारणीकडे निघालेसुद्धा. तर ही म्हणते, “थांब. काकांचं वय काय?”

“पंचाहत्तरी झाली की.”

“मग झालं! वयाबरोबर ‘मी’ कमी होतो आणि ‘आपण’ वाढतं, हेही त्याच अभ्यासात आहे. हा काकांचा स्वभाव की काकांचं वय, एवढ्या रेघोट्यांवरून कसं सांगू?”

चप्पल काढली.

तेव्हा पुन्हा सांगते, ढीगभर माणसं, ढीगभर मजकूर, तेव्हा कुठे अंदाज. आणि तोही अंदाजच. शिवाय तो अभ्यास इंग्रजी पोस्टचा. आपण नुसतं ‘निघाले’, ‘पोचतोय’ लिहितो, ‘मी’ घालतोच कुठे? मग यंत्र मोजणार काय? उद्या एखादं ॲप म्हणालं, पोस्ट द्या, स्वभाव सांगतो, तर आधी विचारा: शब्द किती वाचणार, आणि कुठल्या भाषेतले?

नमस्कार.