बालुचरीच्या पदरावरची आगगाडी

मंडळी, बालुचरी म्हणून आज प्रदर्शनांत जी साडी आपल्यासमोर उलगडली जाते, तिच्या पदरावर बहुधा अर्जुनाचा रथ असतो, नाहीतर हरणासोबतची शकुंतला. विक्रेता सांगतो, 'एकदम पारंपरिक डिझाइन.' शेजारच्या साडीवर आगगाडीचा डबा किंवा हुक्का ओढणारा गोरा साहेब दिसला, तर तो हल्लीच्या एखाद्या डिझायनरचा प्रयोग वाटतो. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. बालुचरीवर आगगाडी आधी आली, रथ नंतर.

बालुचर हे बंगालमधलं भागीरथीकाठचं गाव, मुर्शिदाबादजवळचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालचा दिवाण मुर्शिदकुली खान याने ढाक्याहून आपला कारभार इथे हलवला. दरबार आला, मागोमाग सावकार आले, आणि आसपासच्या रेशमाला घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं. या भरभराटीला पहिला मोठा तडाखा कोणी दिला, हे मराठी श्रोत्यांसमोर बोलताना टाळता येणार नाही. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने मुर्शिदाबाद लुटलं. तिथले बडे सावकार जगतशेठ यांची पेढीसुद्धा सुटली नाही. पुढची जवळजवळ दहा वर्षं या स्वाऱ्या चालल्या आणि बंगालचे कितीतरी विणकर गावं सोडून परागंदा झाले. बंगालीत आपल्या स्वारांना 'बर्गी' म्हणतात, आणि तो शब्द तिथे अजूनही प्रेमाने उच्चारला जात नाही.

आता जुना पदर जवळून पाहू. जमीन जांभळी, किरमिजी नाहीतर गडद निळी. जरीचा धागा अजिबात नाही, सगळी नक्षी रेशमाचीच. मधोमध मोठ्या कोयऱ्या आणि त्यांच्या चारी बाजूंना चौकटींच्या रांगा. एकेका चौकटीत एकेक माणूस: हुक्क्याची नळी धरलेला नबाब, हातात फूल घेतलेली बेगम, घोडेस्वार, पुढे पुढे टोपीवाला साहेब, आगबोट, आगगाडी. सगळे चेहरे एका बाजूने दाखवलेले. बंगालमधली पहिली आगगाडी १८५४ मध्ये हावडा ते हुगळी धावली. म्हणजे ती नवलाई ताजी असतानाच विणकराने तिला मागावर बसवली. देवदेवता या चौकटींत क्वचितच भेटतात. विणकर जे डोळ्यांसमोर होतं ते विणत होता, आणि मला या साडीचं सगळ्यात मोठं वैभव हेच वाटतं.

तीच बेगम रांगेत पुन्हा पुन्हा का दिसते? कारण मागात आहे. नक्षी आधी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवायची. त्यातले ठरलेले दोरे ओढले की ठरलेले उभे धागे उचलले जातात आणि त्यांखालून नक्षीचा जादा आडवा धागा जातो. एकदा बांधलेलं जाळं परत परत वापरता येतं, म्हणून चित्रही परत परत येतं. आपल्या पैठणीत हा प्रकार नाही. तिथे पदरावरचा मोर विणकर हाताने धागे गुंतवत भरतो, म्हणून पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. बालुचरी उलटी केली की मागे जादा धाग्यांची टोकं दिसतात.

या परंपरेतला शेवटचा मोठा कारागीर दुबराज दास. साडीवर तो स्वतःचं नाव विणत असे. चित्रकार सही करतो तशी विणकराने सही करावी, हे आपल्याकडे किती दुर्मीळ! विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो गेला, आणि जाळ्याच्या मागाची ही विद्याही मागे पडली. नबाबी आश्रय तर त्याआधीच आटला होता.

पुढचं सगळं घडलं ते विष्णुपुरात, बांकुडा जिल्ह्यात. १९५०च्या दशकात टागोर घराण्यातले चित्रकार शुभो ठाकुर यांनी जुन्या साड्यांचे नमुने पुढे ठेवून विष्णुपूरच्या अक्षयकुमार दास यांना या कामाला लावलं. जाळ्याच्या जागी जॅकार्ड आलं, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मदतीने ठरलेले उभे धागे उचलणारं यंत्र. नक्षी आलेख-कागदावर काढायची आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. एका पदराला असे हजारो पुठ्ठे लागू शकतात. आणि विष्णुपूर म्हणजे मल्ल राजांच्या भाजक्या मातीच्या देवळांचं गाव. १६४३ चं श्यामराय, १६५५ चं जोडबांगला, दोन्हींच्या भिंती रामायण-महाभारताने भरलेल्या. ती शिल्पं पदरावर उतरली. अर्जुनाचा रथ आला तो असा. अशा साडीत जरीचा धागा भरला की तिला स्वर्णचरी म्हणतात. (बर्गी या गावावरही चालून गेले होते. तिथल्या दलमादल तोफेपाशी गावकरी आजही सांगतात की मदनमोहनाने, म्हणजे तिथल्या कृष्णाने, स्वतः ती मराठ्यांवर डागली.)

विष्णुपूरच्या कामाला मी कमी लेखत नाही. ते झालं नसतं तर बालुचरी फक्त संग्रहालयात उरली असती. पण 'पारंपरिक हवं' म्हणून आपण रथच मागत राहिलो, तर विणकर रथच विणत राहणार. आजच्या रस्त्यावरची रिक्षा, मोबाइलवर बोलणारी मुलगी त्या चौकटीत बसवायची त्याची तयारी असेलही. तशी साडी मागणारं गिऱ्हाईक मात्र त्याला भेटायला हवं.