पस्तीस अडथळे

[दृश्य: बालेवाडीचं मैदान, सकाळ. कॅमेरा ट्रॅकच्या वळणाकडे सरकतो.]

पुण्यात बालेवाडीला कधी गेलात, तर ट्रॅकच्या वळणापाशी जरा थांबा. तिथं जमिनीत एक खड्डा आहे आणि त्याच्या तोंडाशी जाडजूड आडवा ओंडका. स्पर्धा नसते तेव्हा खड्डा कोरडा असतो. नवख्या माणसाला वाटावं, काहीतरी बांधकाम अर्धवट राहिलंय.

ही वॉटर जंप. तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीची.

[दृश्य: अडथळ्याचा क्लोज-अप. एक हात त्यावर थोपटतो.]

अडथळा जवळून बघू. पुरुषांसाठी उंची 91.4 सेंटिमीटर, म्हणजे साधारण स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी. बायकांसाठी 76.2. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा पडतो. हा जागचा हलत नाही, वजनच ऐंशी ते शंभर किलो. पाय लागला तर पडायचं धावणाऱ्यानं.

वॉटर जंपचा खड्डा 3.66 मीटर लांब. अडथळ्याच्या पायाशी सगळ्यात खोल, मग चढत चढत ट्रॅकला मिळणारा. मुरलेला धावपटू अडथळ्यावर एक पाय टेकवतो, स्वतःला पुढं ढकलतो आणि दुसरा पाय खड्ड्याच्या पार टोकाला, घोटाभर पाण्यात टाकतो. दमलेल्याची उडी अलीकडंच पडते. तो गुडघ्यापर्यंत भिजतो आणि बूट पाण्यानं जड होतात. तसंच पळायचं. असं सात वेळा. शिवाय साधे अडथळे अठ्ठावीस. एकूण पस्तीस.

[दृश्य: जुनी वर्तमानपत्रं, आशियाचा नकाशा.]

आज बोलायचंय ते आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेबद्दल, आणि ती या एका शर्यतीच्या खिडकीतून बघायची आहे. आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडं दोन वेगळ्या गोष्टींना 'एशियन' म्हणतात. एक म्हणजे एशियन गेम्स: दर चार वर्षांनी, कबड्डीपासून पोहण्यापर्यंत सगळे खेळ, टीव्हीवर उद्घाटन सोहळा, परतल्यावर मिरवणूक. दुसरी ही अजिंक्यपद स्पर्धा. फक्त धावणं, उड्या आणि फेकी. पहिली 1973 मध्ये फिलिपाइन्सच्या मारिकिना शहरात झाली, आणि आता ती साधारण दोन वर्षांनी होते. हिची बातमी क्रीडा पानाच्या खालच्या कोपऱ्यात, तीही जागा उरली तर.

पण पी. टी. उषा यांचं जकार्ता आठवतंय का? 1985. शंभर, दोनशे, चारशे मीटर, चारशे मीटर हर्डल्स आणि चार बाय चारशे रिले. पाच सुवर्णपदकं, वर चार बाय शंभरचं कांस्य. ते याच स्पर्धेत.

आणि 1981 चं टोकियो. गोपाल सैनी यांनी तिथं स्टीपलचेस 8 मिनिटं 30.88 सेकंदांत पूर्ण केली. हा राष्ट्रीय विक्रम 37 वर्षं टिकला. सैनींना कौतुक द्यायलाच हवं, पण सदतीस वर्षं एखादा विक्रम कुणी मोडत नाही, याचा अर्थ त्या शर्यतीकडं कुणी फिरकतही नव्हतं, असाही होतो.

[दृश्य: पावसातला पुणे-मुंबई महामार्ग, बालेवाडीचं प्रवेशद्वार.]

2013 साली ही स्पर्धा पुण्यात आली. ठरली होती चेन्नईला. श्रीलंकेच्या खेळाडूंना येऊ देणार नाही, असं तमिळनाडू सरकारनं सांगितलं, आणि आशियाचे धावपटू भर जुलैच्या पावसाळ्यात बालेवाडीत दाखल झाले. 3 ते 7 जुलै. भारताला सुवर्णपदकं दोन: थाळीफेकीत विकास गौडा आणि महिलांची चार बाय चारशे रिले.

महिलांच्या स्टीपलचेसमध्ये आपली सुधा सिंग दुसरी आली. पहिली आली ती बहारीनची सोळा वर्षांची मुलगी, रूथ जेबेट. जन्म केनियाचा. तीनच वर्षांनी तिनं रिओ ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं. म्हणजे पुढची ऑलिंपिक विजेती आपल्या बालेवाडीत पळून गेली, आणि शेजारच्या औंध-बाणेरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पुढं ती उत्तेजक चाचणीत अडकली आणि तिच्यावर बंदी आली, हेही सांगायला हवं.

स्टीपलचेसमधलं आशियाचं दुखणं इथंच आहे. आखाती देशांनी केनियातून धावपटू आणले आणि नागरिकत्व दिलं. पुरुषांचा आशियाई विक्रम आजही कतारच्या सैफ सईद शाहीनच्या नावावर आहे: 7 मिनिटं 53.63 सेकंद, 2004 चा. शाहीन म्हणजे केनियाचा स्टीफन चेरोनो. त्याला दोष कसा द्यायचा? केनियात त्याच्यासारखे डझनभर होते, संघात जागा तीन. पण भिवानीच्या किंवा बीडच्या पोरानं आशियाई पदकासाठी पळायचं म्हणजे निम्मा सामना केनियाशीच. देश बदलण्यावरचे नियम पुढं कडक झाले. तरी 2025 च्या आशियाई अजिंक्यपदात, दक्षिण कोरियातल्या गुमीला, आपल्या पारुल चौधरीनं 9 मिनिटं 12.46 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि ती दुसरी आली. पहिली होती कझाकस्तानची नोरा जेरुतो. जन्म केनियाचा.

[दृश्य: माण तालुका. उघडे डोंगर, रस्त्यावरून पळणारी मुलं.]

सातारा जिल्हा, माण तालुका, गाव मोही. ललिता बाबर इथली.

इथं एक वाक्य हमखास येतं: ज्या मुलुखात प्यायला पाणी नाही, तिथली मुलगी पाण्यावरून उडी मारून जिंकली. आम्हीही पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, नंतर खोडलं. दुष्काळानं कुणी धावपटू होत नाही. झालं असतं, तर माण, खटाव, आटपाडी, आष्टी मिळून ऑलिंपिकचा आख्खा संघ निघाला असता.

या भागातून स्टीपलचेसवाले निघाले त्याचं कारण साधं आहे. वॉटर जंप असलेला ट्रॅक तालुक्याच्या गावी नसतो. रस्ता असतो. म्हणून पोरं लांब पळायला शिकतात, आणि अडथळे कसे ओलांडायचे ते उशिरा. ललिता आधी मॅरेथॉनची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती तीनदा पहिली आली. स्टीपलचेसकडं वळली तेव्हा पंचविशीत होती. दम तयार होता, उडी शिकायची होती.

2015, चीनमधलं वुहान, आशियाई अजिंक्यपद. ललिता 9 मिनिटं 34.13 सेकंदांत आली. सुवर्णपदक, राष्ट्रीय विक्रम आणि रिओचं तिकीट, तिन्ही एकाच शर्यतीत. रिओत प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद, आणि ती थेट अंतिम फेरीत. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये उषा धावल्या होत्या. त्यानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय मुलगी दिसली. दहावी आली. त्याच शर्यतीत पहिली कोण? बालेवाडीत पळून गेलेली रूथ जेबेट.

[दृश्य: भुवनेश्वर, कलिंगा स्टेडियम.]

2017 चं भुवनेश्वर. यजमान ठरलेल्या रांचीनं हात वर केल्यावर ओडिशानं तीन महिन्यांत तयारी केली, आणि भारत पहिल्यांदाच पदकतालिकेत वर बसला. स्टीपलचेसचं सुवर्ण सुधा सिंगला मिळालं, इतक्या वर्षांच्या रौप्यांनंतर. पण त्या स्पर्धेतलं लक्षात राहिलं ते वेगळंच. केरळची पी. यू. चित्रा दीड हजार मीटरमध्ये आशियाची विजेती झाली, आणि लंडनच्या जागतिक स्पर्धेसाठी संघात तिचं नाव नाही. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं तिच्या बाजूनं आदेश दिला, तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. आशियाचं सुवर्ण गळ्यात घालून मुलगी घरी.

[दृश्य: आष्टी तालुका, मांडवा. मातीचा रस्ता.]

बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा. अविनाश साबळे. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही. बारावी झाली की सैन्यात भरती, हा आपल्याकडं ठरलेला मार्ग. त्याला 5 महार, म्हणजे महार रेजिमेंटची पाचवी बटालियन मिळाली. सियाचीनची थंडी काढली, राजस्थानचं ऊन काढलं, आणि मग सैन्याच्या क्रॉस कंट्रीत कुणाच्या तरी नजरेत आला. स्टीपलचेसला सुरुवात 2017 च्या सुमाराला, तेविशीच्या उंबरठ्यावर.

पुढच्याच वर्षी भुवनेश्वरमध्ये 8 मिनिटं 29.80 सेकंद. सैनींचा 1981 चा आकडा अखेर खाली आला. 2019 मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 2021 ची स्पर्धा हांगझूला व्हायची होती, ती कोविडनं रद्द झाली.

2023 ची स्पर्धा बँकॉकला होती आणि साबळे तिथं नव्हता. बँकॉकचा शेवटचा दिवस 16 जुलै. त्या दिवशी तो पोलंडमध्ये डायमंड लीगला, म्हणजे जगातल्या अव्वल धावपटूंच्या स्पर्धामालिकेत धावला, सहावा आला, वेळ 8 मिनिटं 11.63 सेकंद. पॅरिस ऑलिंपिकचा दरवाजा त्यानं तिथंच उघडला. हिशेब बरोबरच होता. वेळ सुधारायची तर आपल्यापेक्षा वेगवान माणसांत जाऊन पळावं लागतं. आशियाई स्पर्धेचं मोठेपण आम्ही सांगतोय खरं, पण आशियाच्या सर्वोत्तम धावपटूला काही वेळा ती टाळणंच परवडतं.

[दृश्य: पाऊस. रिकाम्या खुर्च्या.]

29 मे 2025. दक्षिण कोरियातलं गुमी. पावसानं स्टेडियम रिकामं केलं होतं. त्या दिवशी ज्योती याराजीनं शंभर मीटर हर्डल्स 12.96 सेकंदांत जिंकली. टाळ्या वाजवायला प्रेक्षक नाहीत, आणि ती पदकमंचावर उभी. ती चित्रफीत नंतर मोबाइलवर खूप फिरली.

त्याच दिवशी साबळे धावला. 8 मिनिटं 20.92 सेकंद. त्याच्या स्वतःच्या 8:09.91 च्या विक्रमापुढं ही वेळ संथच. अजिंक्यपदाच्या शर्यतीत घड्याळापेक्षा शेजारच्याकडं जास्त लक्ष ठेवावं लागतं. मागं जपानी धावपटू होता, तो मागंच राहिला. 1989 ला दिल्लीत दीना राम जिंकले होते. त्यानंतर पुरुषांच्या स्टीपलचेसचं आशियाई सुवर्ण भारतात यायला 36 वर्षं गेली.

गुमीत भारताला एकूण आठ सुवर्णं मिळाली. वर फक्त चीन.

[दृश्य: मोनॅको, संध्याकाळचे दिवे. मग वॉटर जंपचा संथ शॉट.]

दीड महिन्यानं, जुलैत, साबळे मोनॅकोला डायमंड लीगसाठी उतरला. वॉटर जंपपाशी गर्दी झाली, समोरचा कोलमडला, आणि त्याला चुकवताना हाही गेला. शर्यत तिथंच थांबली. गुडघ्याचा स्नायुबंध फाटला होता. शस्त्रक्रिया झाली.

सप्टेंबरमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा टोकियोला भरली. गोपाल सैनींनी 1981 मध्ये विक्रम केला, तेच शहर. पुरुषांची स्टीपलचेस झाली. वॉटर जंपवरून सगळे गेले. त्यांत मांडव्याचा साबळे नव्हता.

[पडदा काळा. पाण्यात पाय पडल्याचा आवाज, एकदाच.]