'सनराइज': नवऱ्याच्या आधी कॅमेरा पोहोचतो

नमस्कार. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा १९२७ सालचा मूकपट 'सनराइज'. गोष्ट एवढीशीच: शेतकरी नवरा शहरातून आलेल्या बाईच्या नादी लागतो आणि ती सुचवते, बायकोला होडीतून ने आणि बुडव. बुडवण्याचा विषय निघतो तेव्हा पडद्यावर संवाद दाखवणाऱ्या पाटीवरची अक्षरंच खाली घसरतात. हा चमत्कार सगळे सांगतात. मला मात्र त्याआधीचा दलदलीचा शॉट जास्त मोलाचा वाटतो.

रात्र, चंद्र. नवरा घरातून सटकून त्या बाईला भेटायला निघालाय. कॅमेरा मागोमाग. ही दलदल स्टुडिओत उभारलेली. चिखलझुडपांतून जमिनीवर रूळ टाकले असते तर ते दिसलेच असते. म्हणून रूळ वर, आणि त्यांना टांगलेल्या पाटावर कॅमेऱ्यासकट छायाचित्रकार कार्ल स्ट्रस. नट जॉर्ज ओब्रायनच्या बुटांत शिसं घातलेलं, म्हणून चाल अशी ओढल्यासारखी. आता नीट बघा: मध्येच कॅमेरा त्याला सोडतो, फांद्या बाजूला सारत पुढे सरकतो, आणि बाई दिसते, वाट बघत उभी. नवरा नंतर फ्रेममध्ये येतो. म्हणजे मन आधी पोहोचलं, पाय मागून.

पुढे तो पलंगावर बसलाय आणि त्या शहरी बाईची धूसर आकृती त्याला मागून मिठी मारते. असं दुहेरी चित्रण तेव्हा कॅमेऱ्यातच करत: एक प्रतिमा घ्यायची, फिल्म उलटी गुंडाळायची, त्याच फ्रेमपासून दुसरी घ्यायची. दुसरीची पार्श्वभूमी काळीकुट्ट हवी. थोडा जरी उजेड सांडला, तर पहिली प्रतिमा पांढुरकी पडते. फ्रेम मोजायला चुकलात, तर मिठी भलत्याच वेळी! स्ट्रस आणि चार्ल्स रोशर यांना पहिल्याच ऑस्करमध्ये छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

बघण्याआधी एक खबरदारी. हा मूकपट असला तरी संगीत फिल्मच्या कडेवरच छापलेलं. त्या पट्टीनं सुमारे अडीच मिलिमीटर जागा खाल्ली, त्यामुळे चित्र जवळजवळ चौरस, रुंदी उंचीच्या १.१९ पट. टीव्हीवर रुंद करून लावलंत की डोकी तरी कापली जातात, नाहीतर माणसं तरी जाड होतात. दुसरी एक चेक आवृत्तीही मिळते, त्या पट्टीशिवायची, म्हणून रुंद, पण तोकडी. पहिल्यांदा बघत असाल तर संगीताचीच घ्या.