लिंबाचे कर्ड आणि खुसखुशीत टार्ट

श्रोतेहो, नमस्कार.

लिंबाचा रस, साखर, अंडी आणि लोणी हे चार जिन्नस मंद आचेवर एकत्र शिजवून जो दाट, पिवळा, आंबटगोड लेप तयार होतो, त्याला लेमन कर्ड म्हणतात. इंग्लंडमधल्या घरांतून तो बरण्यांत भरून ठेवण्याची आणि चहाच्या वेळी पावाला लावून खाण्याची पद्धत जुनी आहे. मैद्याच्या खुसखुशीत वाटीत हेच कर्ड भरले की त्याचा टार्ट होतो. हा पदार्थ आपल्या घरी उत्तम होतो, मात्र पुस्तकातले परदेशी प्रमाण जसेच्या तसे उचलून चालत नाही, कारण तिथले लिंबू वेगळे आणि तिथले हवामानही वेगळे.

प्रथम लिंबाविषयी. परदेशी कृतीत ज्याला लेमन म्हटलेले असते, ते जाड सालीचे, मोठे, पिवळे फळ असते आणि एका फळातून सहज तीन मोठे चमचे रस निघतो. आपले कागदी लिंबू लहान, पातळ सालीचे आणि वासाला अधिक तिखट असते. त्यामुळे ‘दोन लिंबांचा रस’ असे वाचून आपली दोन लिंबे पिळली, तर कर्ड गुळचट होणार हे ठरलेलेच. फळे मोजण्याऐवजी रस मोजावा. लहान आकाराचे बारा टार्ट करायचे असतील तर शंभर मिलिलिटर रस लागतो आणि त्यासाठी लिंबाच्या आकारानुसार पाच ते सात कागदी लिंबे पुरतात.

कर्डाचा सुगंध मात्र रसापेक्षा सालीतून अधिक येतो. सालीच्या अगदी वरच्या रंगीत थरात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्याखालचा पांढरा थर कडू असतो. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की किसणीवर जरा जोर पडला तरी कडवट भाग सोबत येतो. म्हणून फळ पिळण्याआधी, बारीक किसणीवर, प्रत्येक जागी एकदाच हलका हात फिरवावा. तीन लिंबांची साल पुरेशी होते. ती दीडशे ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चोळावी म्हणजे तेल साखरेत उतरते आणि साखर ओलसर, सुवासिक होते. या दोन मिनिटांच्या कामाने जेवढा फरक पडतो, तेवढा महागड्या इसेन्सच्या बाटलीने पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कर्ड. जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यावे. अॅल्युमिनियमच्या भांड्यात लिंबाच्या आम्लामुळे धातूची चव उतरते आणि रंगही काळपट होतो. दोन पूर्ण अंडी आणि आणखी दोन अंड्यांचे बलक त्या साखरेत घालून लगेच फेटावेत. साखर बलकावर नुसती टाकून ठेवली तर बलकाचे गोळे होतात आणि ते नंतर विरघळत नाहीत. मग रस घालून पातेले अगदी मंद आचेवर, किंवा थेट आचेचे धाडस होत नसेल तर खाली उकळते पाणी असलेल्या दुसऱ्या भांड्यावर ठेवावे आणि सतत ढवळत राहावे.

या टप्प्यावर काय घडते ते समजून घेतले की भीती जाते. अंड्यातील प्रथिने तापल्यावर उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात रस धरला जातो. कर्ड दाट होते ते यामुळे. साखर या गुंतण्याला उशीर लावते, म्हणून नुसते अंडे ज्या तापमानाला गोठते त्याहून कर्ड थोडे अधिक तापवता येते. पंचाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर अंश सेल्सिअसला ते तयार होते. त्यापुढे उकळी फुटू दिली तर प्रथिने आवळून पाणी बाहेर टाकतात आणि पातेल्यात गोड भुर्जी उरते. तापमापक नसेल तर चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली, कडेने ओघळ आला नाही, की आच बंद करावी. साधारण आठ-दहा मिनिटे लागतात, आणि पहिली सहा मिनिटे काहीच घडत नसल्यासारखे वाटते. नेमक्या त्याच वेळी आच वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा.

खाली उतरवल्यावर कर्ड लगेच गाळून घ्यावे आणि गरम असतानाच त्यात ऐंशी ग्रॅम लोण्याचे लहान तुकडे एकेक करून मिसळावेत. बाजारातले पिवळे बटर खारट असते, म्हणून येथे बिनमिठाचे बटर किंवा नीट धुऊन पाणी काढलेले ताजे घरचे लोणी वापरावे. तूप घालू नये. त्याची कणीदार ठेवण कर्डाचा गुळगुळीतपणा घालवते. वर साय धरू नये म्हणून कर्डाच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावून ते फ्रिजमध्ये ठेवावे. थंड झाल्यावर ते आणखी घट्ट होते.

टार्टच्या वाटीसाठी दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम लोणी, दोन मोठे चमचे पिठीसाखर, एक बलक आणि लागेल तसे एक-दोन चमचे बर्फाचे पाणी घ्यावे. करंज्या करणाऱ्यांना मोहनाचे महत्त्व सांगायला नको. पिठाच्या कणांना स्निग्धाचा लेप बसला की पाणी कमी शिरते, मैद्याला चिवटपणा येत नाही आणि पारी खुसखुशीत होते. तत्त्व हेच; परंतु करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, आणि टार्टला मात्र लोणी फ्रिजमधून काढलेले, दगडासारखे थंड लागते. ते पिठात बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखे झाले की मळणे थांबवून गोळा नुसता एकत्र करावा. मुंबईच्या किंवा कोकणच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेले लोणी पाहता पाहता वितळते, म्हणून अशा दिवसांत मैदा आणि परातसुद्धा आधी गार करून घ्यावी, आणि हात वारंवार थंड पाण्याने धुऊन पुसावेत. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा, मग लाटून साच्यांत बसवावा, काट्याने टोचे मारावेत आणि पुन्हा दहा मिनिटे गार करावे. नाहीतर भाजताना कडा घसरून खाली येतात.

ओव्हन १८० अंशांवर आधी चांगला तापवून घ्यावा. प्रत्येक वाटीत बटर पेपर ठेवून त्यावर कोरडा राजमा किंवा चणे भरावेत, म्हणजे तळ फुगत नाही. पंधरा मिनिटांनी कागद आणि कडधान्य काढून आणखी आठ-दहा मिनिटे, तळ बदामी होईपर्यंत भाजावे. हे कडधान्य नंतर शिजवण्याच्या उपयोगाचे राहत नाही. ते डब्यात भरून पुढच्या खेपेसाठी ठेवावे.

विदर्भातल्या श्रोत्यांच्या मनात नागपुरी संत्र्याचा विचार आला असेल. अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, तेव्हा हा प्रयोग जरूर करावा. संत्र्याच्या रसात आम्ल बरेच कमी असते, म्हणून त्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस मिसळावा आणि साखर शंभर ग्रॅमपर्यंत उतरवावी. संत्री बियांसकट मिक्सरमधून काढू नयेत, आणि काढलेला रस तासन्‌तास ठेवू नये. दोन्हींमुळे कडवटपणा येतो.

अंडे न खाणाऱ्या घरांसाठी एक पर्याय आहे. दीड वाटी पाण्यात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि साखर घालून, ढवळत ढवळत उकळी आणून पारदर्शक होईपर्यंत शिजवावे आणि लिंबाचा रस आच बंद केल्यावरच घालावा, कारण आम्लासोबत उकळत राहिले तर पिठाचा दाटपणा तुटतो. शेवटी लोणी. याला कर्ड म्हणायला माझी जीभ थोडी अडखळते, पण टार्ट रुचकर होतो.

कर्ड स्वच्छ, कोरड्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते आणि भाजलेल्या वाट्या घट्ट झाकणाच्या डब्यात चार दिवस राहतात. दोन्ही वेगवेगळेच ठेवावेत आणि खाण्याआधी तासाभरातच वाट्या भराव्यात, म्हणजे त्या मऊ पडत नाहीत. पावसाळ्यात वाट्या सर्दावल्याच, तर १५० अंशांवर पाच मिनिटे तापवून, पूर्ण गार करून मगच कर्ड भरावे. बलक काढून उरलेला अंड्यांचा पांढरा भाग दुसऱ्या दिवशीच्या ऑम्लेटला चालतो.