तो एक सेकंद

(दृश्य: रात्रीचा रुंद, रिकामा रस्ता. फक्त टायरांचा आवाज.)

18 मार्च 2018. रविवार. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं टेंपी शहर. रात्रीचे दहा वाजत आलेत. मिल अ‍ॅव्हेन्यूवर एक 49 वर्षांची बाई हातात सायकल धरून चालत रस्ता ओलांडते आहे. सायकलला पिशव्या अडकवलेल्या.

त्याच रस्त्यावरून उबरची एक मोटार येते आहे, व्हॉल्वो कंपनीनं बनवलेली. स्टिअरिंगमागेही एक बाईच आहे, पण गाडी ती चालवत नाही, सॉफ्टवेअर चालवतंय. चाचणी सुरू आहे. बाईचं काम एवढंच, की यंत्र चुकलं तर आपण ब्रेक मारायचा.

(दृश्य: काळा पडदा. त्यावर उलटे मोजले जाणारे सेकंद.)

धडकेच्या 5.6 सेकंद आधी रडारला पुढे काहीतरी दिसलं. काय, ते मात्र ठरेना. कधी ‘वाहन’, कधी ‘इतर’, पुन्हा ‘वाहन’, मग ‘सायकल’. आणि दरवेळी नाव बदललं, की ती वस्तू आत्तापर्यंत कुठून कुठे सरकली याचा हिशेब पुसला जायचा. पाटी कोरी! माणूस झेब्रा क्रॉसिंग सोडूनही रस्ता ओलांडतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्या सॉफ्टवेअरमध्ये ते कुणी धरलंच नव्हतं.

1.2 सेकंद उरले तेव्हा यंत्राला कळलं, की धडक होणार. आणि यंत्र थांबलं. गाडी नव्हे, यंत्र. पूर्ण एक सेकंद.

हा बिघाड नव्हता. तसं ठरवून लिहिलेलं होतं. सावली दिसली, कागद उडाला, की गाडी उगीच करकचून ब्रेक लावू नये म्हणून धोका दिसल्यावर एक सेकंद काहीच करायचं नाही. तेवढ्यात ड्रायव्हर बघून घेईल.

ड्रायव्हर मोबाइलकडे बघत होती. त्यावर टीव्हीचा कार्यक्रम चालू होता. शेवटच्या सेकंदाला तिनं मान वर केली. गाडीचा वेग होता ताशी 63 किलोमीटरच्या आसपास. सायकलवाली बाई वाचली नाही.

(दृश्य: गाडीच्या आतल्या कॅमेऱ्याची धूसर चौकट. चेहरा दिसत नाही.)

तीन दिवसांनी पोलिसांनी गाडीतला व्हिडिओ प्रसिद्ध केला. त्यात खाली झुकलेली मान जगानं पाहिली आणि निकाल लावून टाकला. सॉफ्टवेअरमधला एक सेकंद कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.

आणखीही काही दिसत नव्हतं. त्या व्होल्वोला कारखान्यातूनच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बसवलेली होती. उबरचं सॉफ्टवेअर गाडी चालवत असताना ती बंद ठेवली जायची. नंतर व्होल्वोच्या बाजूनं संगणकावर हाच प्रसंग 20 तऱ्हांनी घडवून पाहिला गेला. त्यातल्या 17 वेळा ती यंत्रणा चालू असती तर धडक झालीच नसती.

आधी अशा गाडीत दोन माणसं बसायची. अपघाताच्या काही महिने आधी कंपनीनं एक कमी केला. उरलेल्या माणसानं तासन्‌तास, तोच तो रस्ता, काहीही न करता, डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं. करून बघा एकदा. आत कॅमेरा होता, पण त्याचं चित्रीकरण वरिष्ठ क्वचितच बघायचे.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणायचा इथं मोह होतो. पण ती ड्रायव्हर काही संन्यासी नव्हती. तिला पगार रस्ता बघण्याचाच होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं नोव्हेंबर 2019 मध्ये अपघाताचं मुख्य कारण म्हणून तिच्याच दुर्लक्षाकडे बोट दाखवलं. आणि लगेच पुढे कंपनीच्या ढिसाळ सुरक्षाव्यवस्थेकडे, राज्य सरकारच्या अपुऱ्या देखरेखीकडेही.

कोर्टापर्यंत मात्र एकटी तीच पोहोचली. कंपनीवर फौजदारी गुन्ह्याला आधार नाही, असं सरकारी वकिलांनी मार्च 2019 मध्येच सांगून टाकलं होतं. 2020 मध्ये तिच्यावर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा आरोप ठेवला गेला. जुलै 2023 मध्ये तिनं त्याहून सौम्य गुन्हा कबूल केला. शिक्षा, तीन वर्षं देखरेखीखाली.

(दृश्य: कारखान्यातली धडक-चाचणी. गाडीचं नाक चेपत जातं, संथ गतीनं.)

गाडीचा पुढचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतो. तो चेपतो म्हणून आतला माणूस वाचतो. मॅडलिन क्लेअर एलिश या अभ्यासिकेनं या अपघाताच्या आधीच लिहून ठेवलं होतं, की स्वयंचलित यंत्रणेत हे उलटं होतं. चेपायला माणूस असतो, वाचते यंत्रणा.

तो एक सेकंद कुणीतरी टाइप केला होता. दुसरं आसन रिकामं करा, असं कुणीतरी ठरवलं होतं. त्या व्हॉल्वोचा ब्रेक बंद ठेवायला कुणीतरी मान डोलावली होती. ही माणसं वाईट होती असं नाही. ऑफिसात बसून, दिवसाउजेडी, आपापलं काम करत होती. त्यांच्या माना खाली गेल्याचं चित्रीकरण नाही, इतकंच.

(दृश्य: पिट्सबर्ग, अमेरिकेतलंच दुसरं शहर. हिवाळी सकाळ.)

डिसेंबर 2018 मध्ये उबरच्या गाड्या पिट्सबर्गच्या रस्त्यावर चाचणीसाठी पुन्हा उतरल्या. पुढे दोन माणसं बसलेली. व्होल्वोचा ब्रेक चालू. आणि तो एक सेकंद काढून टाकलेला.