आधी रस्ता आला

(दृश्य : पावसाळी पहाट. धुक्यातून वर येणारं एक पातं.)

भीमाशंकरच्या दक्षिणेला, खेड आणि मावळ तालुक्यांतल्या डोंगरमाथ्यांवर हे पंखे उभे आहेत. पवनचक्की हा शब्द कागदावरचा. गावाकडे यांना पंखेच म्हणतात. एकेक 800 किलोवॅटचा.

कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. मग विरोध कशाला, असं पुण्या-मुंबईत बसून वाटतं. आम्हालाही वाटलं होतं.

आता जरा खाली बघू. पंख्याच्या पायाशी.

एक पातं साधारण 25 मीटर लांब. ते अखंडच वर न्यावं लागतं, म्हणजे तेवढा ट्रेलर वळेल असा रस्ता हवा. इथे होत्या गुराख्यांच्या पायवाटा. म्हणून डोंगर कापले. निघालेला दगड-मुरूम उतारावर लोटला. आणि मग आला सह्याद्रीचा पाऊस, जो चार महिने मागे हटत नाही. सुटी माती ओढ्यांना लागली, दरडी खचल्या, राडारोडा भाताच्या खाचरांत आणि धरणांच्या पाण्यात उतरला.

धरण किंवा औष्णिक प्रकल्प उभारायचा तर पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो, जनसुनावणी घ्यावी लागते. पण हे बंधन घालणाऱ्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत पवनऊर्जेचं नावच नाही. त्यामुळे ज्यांच्या खाचरात दगड आले, त्यांना आधी कुणी विचारायची गरजच पडली नाही.

(दृश्य : शेकरू. या फांदीवरून त्या फांदीवर.)

राखीव वनातली 194 हेक्टरांहून जास्त जमीन या प्रकल्पाला दिली गेली. शेकरू हा आपला राज्यप्राणी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, झाडाझाडांवरूनच फिरतो. मधून रुंद रस्ता गेला की त्याची वाट तुटते.

पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात या प्रकल्पाची नोंद घेतली आहे. स्थानिक वनाधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी केली होती. सदाहरित जंगल आहे, शेकरू आहे, ही जागा देऊ नये, असं त्याने लिहून दिलं होतं. वरिष्ठांनी ते बाजूला सारलं. हे वाचताना वाईट वाटतं ते यासाठी, की सरकारी यंत्रणेतल्याच एका माणसाने आपलं काम चोख केलं होतं.

(दृश्य : अंगणात वाळत घातलेला हिरडा.)

या डोंगरांत महादेव कोळी आदिवासी राहतात. भात पोटापुरता. हातात रोकड येते ती हिरड्यातून. पावसाळा तोंडावर येण्याआधी बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, झोडून, वाळवून व्यापाऱ्याला घालायचा. त्यासाठी डोंगरावर जाणं आलंच. पण प्रकल्प आला तशा वाटेवर चौक्या आल्या, पहारेकरी आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर ही माणसं जात आली तिथेच त्यांना अडवलं जाऊ लागलं. अहवालात तेही नोंदलेलं आहे.

2006 चा वनहक्क कायदा या लोकांचा जंगलावरचा हक्क मानतो. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती घ्या, असं परिपत्रक पर्यावरण मंत्रालयाने 2009 साली काढलं. इथले हक्कच नोंदवून झाले नव्हते. मग संमती कोणाकडून मागणार?

(दृश्य : हिरड्याचं पोतं डोक्यावर घेतलेली बाई उतार उतरते आहे. मागे फिरणारी पाती, वरून गेलेल्या तारा.)

तारा गावावरून पुढे निघून जातात. ती खाली ओढ्यापर्यंत येते, पोतं दगडावर टेकवते आणि वर बघते.